जुनी जिप्सी: मामांचा हिशेब, भाचीचा हट्ट

मामांनी पहिला प्रश्न विचारला तो चिपळूणच्या पुराचा. "२२ जुलै २०२१ला ही गाडी कुठं होती?"

भाचीला ते माहीत नव्हतं. गाडी चिपळूणजवळच्या एका बागायतदाराची, १९९८ची मारुती जिप्सी किंग, एमएच-०८ पासिंगची. बरीच वर्षं आंब्याखाली उभी होती म्हणून स्वस्तात मिळाली आणि कुंभार्ली घाट चढून टेम्पोतून पुण्याच्या दापोडीला आली. मामांनी डॅशबोर्डखाली हात घातला, वायरिंगच्या जुडग्यामागं बोटं फिरवली आणि उजेडात धरून पाहिली. मग सीटच्या रुळांखालचा पत्रा पाहिला, हेडलाइटची आतली बाजू पाहिली, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याचं रिळातलं टोक पाहिलं. पुरात बुडालेली गाडी वरून कितीही धुतली तरी अशा जागी गाळ राहतो. इथं नुसती धूळ होती.

"बरं. आता भांडू," मामा म्हणाले.

मामा एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले. भाग बिघडायची वाट बघायची नाही, ठरलेले किलोमीटर झाले की बस डॉकिंगला घ्यायची आणि तपासायची, ही तिथली शिस्त त्यांच्या अंगात भिनलेली. कंपनीनं जिथं जो बोल्ट लावला तिथं तोच बोल्ट, हा त्यांचा आग्रह. भाची कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. तिचं म्हणणं असं की आपण वापरतो ती वस्तू उघडून बघता आली पाहिजे, सुधारता आली पाहिजे, आणि सत्तावीस वर्षांपूर्वीच्या गाडीत आजचं चांगलं ते घालायला काय हरकत आहे? तिच्या हातात एक लाख रुपये होते. ते कशावर खर्चायचे, यावरून दोघांचं जमेना.

गाडीची निवड मात्र मामांनाही पटली होती. मारुतीनं जिप्सी आणली ती १९८५च्या डिसेंबरात, सुझुकीच्या जिम्नीचा लांब अवतार म्हणून. तेव्हा इंजिन ९७० सीसीचं आणि गिअर चार. १९९६मध्ये किंग आली आणि १२९८ सीसीचं इंजिन व पाचवा गिअर मिळाला. २००० साली कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आलं, तशी साठ बीएचपीच्या घरातली ताकद ऐंशीवर गेली. सांगाडा मात्र शेवटपर्यंत तोच राहिला: खाली स्वतंत्र चॅसी, पुढं-मागं अखंड अ‍ॅक्सल, चारी चाकांना पाटे. लष्करानं, पोलिसांनी, वनखात्यानं ती वर्षानुवर्षं राबवली. ताडोबात पर्यटक वाघ बघायला जातात ते बहुतेक उघड्या जिप्सीतून. घरी काम शिकणाऱ्यासाठी याहून सोयीची गाडी मिळणं कठीण. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी हात खाली जातो, आणि दहा, बारा, चौदा, सतराचे पाने असले की निम्म्याहून जास्त गाडी उघडते.

"उघडते गं," मामा म्हणाले, "पण बंद करताना कळतं."

भाचीच्या वहीत पहिलं पान होतं टायरचं. मोठे टायर, थोडी उंची, पुढं लोखंडी बंपर, छतावर दिव्यांची पट्टी. रंग मिलिटरी हिरवा. वही बघून मामांनी हातोडी घेतली आणि ते गाडीखाली शिरले.

मागच्या पाट्यांचे शॅकल चॅसीला जिथं धरलेले असतात तिथं चिखल साचतो, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत तो चिखल वर्षभर ओलसर राहतो. मामा हातोडीनं पुढून मागं ठोकत गेले. लोखंड ठणठण वाजत होतं. उजव्या मागच्या कोपऱ्यात आवाज एकदम बसका आला. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दाबला, तशी त्याची अर्धी पाती आत गेली आणि तांबेऱ्याचे पापुद्रे त्यांच्या चष्म्यावर पडले. वरून काळं रबरी कोटिंग अगदी शाबूत होतं.

"हे कुणीतरी गंजावर मारलंय. पाणी आत कोंडलं आणि पत्रा आतून खाल्ला. तू पण हेच मारणार होतीस ना?"

तिच्या यादीत अंडरबॉडी कोटिंग होतं खरं. ते चुकीचं नाही, पण त्याचा क्रम शेवटचा. आधी तारेच्या ब्रशनं गंज सुटेल तितका सोडवायचा, उरलेल्यावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं कन्व्हर्टर लावायचं, त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग रंग. चॅसीच्या पोकळीत लांब नळीनं मेण फवारायचं आणि पाणी निथळायची भोकं उघडी ठेवायची. या कामाला पैसे फारसे लागत नाहीत, लागतो तो वेळ. म्हणूनच हे स्वतः करायचं काम आहे, असं भाचीनं ठासून सांगितलं आणि मामांना ते मान्य करावं लागलं. गॅरेजवाला मजुरीत चॅसीचा एकेक वीत घासत बसणार नाही. त्याला ते परवडतच नाही. भाची पुढचे कित्येक रविवार तोंडाला मास्क आणि डोळ्यांना गॉगल लावून गाडीखाली होती, आणि तिनं घासलेला भाग कुठं संपतो आणि आधीच्या कुणाचा सुरू होतो हे आजही बोटानं चाचपडून कळतं.

वेल्डिंगवरून मात्र वाजलं. तिला छोटं वेल्डिंग मशीन घ्यायचं होतं.

"फुलझाडांचा स्टँड बनव, खुशाल बनव," मामा म्हणाले. "चॅसीला पहिला टाका तुझा नको. वरून छान दिसतो आणि आत लोखंड वितळलेलंच नसतं. घाटात सुटला तर?"

"मग शिकणार कधी?"

"भंगारातल्या पट्ट्यांवर शीक. दोन पट्ट्या जोड, व्हाइसमध्ये धर, हातोडीनं तोड. पट्टी वाकून फाटली आणि टाका तसाच राहिला, तर माझ्याकडे ये."

चॅसीचं काम सीओटू वेल्डिंगवाल्याकडे गेलं. आधी पेट्रोलची टाकी उतरवली आणि बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या. गंजलेला भाग कापून मूळ जाडीचाच पत्रा जोडायचा, वरून आधाराला पट्टी लावायची. मामांनी ती पट्टी शंकरपाळ्याच्या आकाराची कापून घेतली. चौकोनी पट्टीचा उभा टाका चॅसीला आडवा कापत जातो आणि ताण नेमका त्या रेषेवर येतो. तिरक्या कडांवर तो वाटला जातो. ट्रकची चॅसी दुरुस्त करणारे चांगले कारागीर हे बरोबर जाणतात. भाचीनं तो ताण कसा वाटला जातो याचं चित्र काढून दाखवलं. मामांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, "हेच. आम्हाला कारण माहीत नव्हतं, पण पट्टी अशीच कापायचो."

दोघांच्या भांडणातला उत्तम भाग असा मध्येच यायचा.

ब्रेकच्या कामावर वाद झालाच नाही, कारण भाचीनं ड्रम उघडला आणि ती गप्प झाली. किंगला पुढं डिस्क आणि मागं ड्रम असतात. डाव्या मागच्या चाकाचा सिलेंडर गळून ब्रेक शू तेलानं माखले होते, उजवीकडचे शू चिकटून बसले होते. म्हणजे मागून गाडी थांबवायला कुणी नव्हतंच. चॅसीलगत जाणाऱ्या बंडी पाइपवर जागोजाग खड्डे पडले होते. मामांनी यादी सांगितली आणि तिनं लिहून घेतली: मास्टर सिलेंडर नवा, चाकांचे सिलेंडर नवे, रबरी होज सगळे नवे, बंडी पाइप नव्यानं ओढायचे, ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलं. कुर्ल्याच्या जुन्या मालातून यातलं काहीही आणायचं नाही.

जुना माल कुठं चालतो, याबद्दल मामांचं मत पक्कं आहे. दाराचं हँडल, काच, सीटचा सांगाडा, डॅशबोर्ड, बंपर हे जुने घ्यावेत. ते मोडले तर माणूस मरत नाही. ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, बेअरिंग, ऑइल सील आणि पेट्रोलचा पाइप नवेच, तेही बिलासह. भाची पुण्याच्या जुन्या बाजारातून बुधवारी-रविवारी पाने, व्हाइस आणि एक जुना टॉर्क पाना घेऊन आली तेव्हा मात्र मामांनी टॉर्क पाना हातात घेऊन बराच वेळ फिरवला आणि तो तपासून आणायला आपल्या ओळखीच्या माणसाकडे पाठवला. हत्यार जुनं असलं तरी त्यांना चालतं.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घ्यायचं, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत डावं मागचं. मामा स्टूल घेऊन चाकापाशी बसले, निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलं. भाची पेडलवर.

"दाब."

"दाबला."

"धर. मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

निपल अर्धा आटा उघडला, तशी नळीतून काळपट ऑइल आलं, त्यात बुडबुडे. निपल बंद. "सोड." पुन्हा दाब, पुन्हा धर. डब्यातली पातळी कमी झाली की हवा पुन्हा आत जाते, म्हणून दर चार-पाच दाबांनी भर घालायची. एका क्षणी पेडल तिच्या पायाखाली एकदम कडक झालं. ती म्हणाली, "मामा, हे कळलं."

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशाला उकळतं. ओल धरलेलं १४० अंशालाही उकळू शकतं. कुंभार्ली उतरताना डिस्क तापते, ऑइलला उकळी येते, वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. ज्याच्या गाडीतलं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं हे आठवत नसेल त्यानं ते या आठवड्यात बदलावं. एका चांगल्या बंपरच्या खर्चात पूर्ण ब्रेकचं काम होतं, तरी लोक आधी बंपर लावतात, हे बघून वाईट वाटतं.

इंजिनाच्या बाबतीत भाचीची बाजू भक्कम होती. एस्टीमचं एमपीएफआय इंजिन या गाडीत बसतं, घराणं एकच. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला तुलनेनं कमी हवा लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. एमपीएफआय ऑक्सिजन सेन्सर वाचून ते आपोआप वाढवतं. कार्बोरेटरच्या जेटचं भोक जेवढं तेवढंच. मिश्रण पातळ होतं, इंजिन गरम चालतं, गाडी चढाला अडखळते.

"सगळं खरं," मामा म्हणाले. "पण इंजिनाबरोबर त्याचं वायरिंग, ईसीयू, टाकीतला पंप, जास्त दाबाचे पाइप, सगळं यायला हवं. लोक निम्मं आणतात आणि निम्मं जुगाडानं चालवतात. आणि इंजिनाचा नंबर बदलला की आरसीवर चढवायला आरटीओत जायचं. तुझ्याकडे लाख रुपये आहेत, त्यातले चॅसीला गेले किती?"

तिनं वही बघितली आणि पान उलटलं.

कार्बोरेटर उतरवून पूर्ण साफ केला, नवं किट घातलं, जेट अनुभवी कार्बोरेटरवाल्याकडून एक माप वाढवून घेतला. टायमिंग बेल्टचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तो न विचारता बदलला. एका गोष्टीवर दोघांचं लगेच एकमत झालं: टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी पाइप बदलायचा, आणि इथेनॉलला टिकणाराच घ्यायचा. वीस टक्के इथेनॉल चालेल असं रबर-प्लास्टिक कंपन्यांनी एप्रिल २०२३पासूनच्या गाड्यांत घातलं आहे. १९९८चा पाइप त्या पेट्रोलसाठी बनलेला नाही. तो फुगतो, चिरतो, आणि त्याखाली तापलेलं इंजिन असतं. ज्यांच्याकडे अशी जुनी पेट्रोल गाडी आहे त्यांनी बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण हे काम करून घ्यावं.

आता टायर. गाडीला मूळ माप २०५/७० आर १५. भाचीला हवे होते २३५/७५ आर १५. मामा म्हणाले, मोठा टायर गाडीची ताकद खातो. ती म्हणाली, किती खातो ते मोजू. वहीत गणित मांडलं: मूळ टायरचा व्यास ६६८ मिलिमीटर, नव्याचा साधारण ७३३. जवळजवळ दहा टक्के वाढ. म्हणजे स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६नं धावत असेल. प्रत्येक गिअर दहा टक्क्यांनी लांब होईल, साठ बीएचपीचं इंजिन चढावर एक गिअर खाली मागेल, आणि ब्रेकला तेवढाच मोठा घेर थांबवावा लागेल. गणित तिनंच केलं होतं, त्यामुळे वाद तिथंच मिटला. मूळ मापाचे पाच नवे टायर आले. दुकानदारानं पहिल्यांदा दाखवलेल्या टायरच्या कडेवर चार आकड्यांचा शिक्का होता, त्यातले शेवटचे दोन बघून तिनं तो परत केला. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. तो टायर दुकानातच म्हातारा झाला होता.

स्टिअरिंगवरच्या मतभेदाचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. किंगचं स्टिअरिंग जड. छोट्या गाडीचा इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा कॉलम कापून-जोडून जिप्सीला बसवणारे बरेच आहेत आणि भाचीला ते हवंय. मामांचा त्याला ठाम विरोध: स्टिअरिंगच्या दांड्यावर वेल्डिंग होऊ देणार नाही. तोवर त्यांनी मूळ दुखणं शोधलं. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ होते. अ‍ॅक्सलचं आतलं सील गेलं की डिफरन्शियलचं ऑइल नकलच्या गोळ्यात शिरतं, तिथलं ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं, किंगपिनचे बेअरिंग कोरडे पडतात. मग स्टिअरिंग जडही होतं आणि साठच्या वेगाला थरथरतंही. सील, किंगपिनचे बेअरिंग, टायरॉड एंड बदलले, अलाइनमेंट करून घेतली. थरथर गेली, स्टिअरिंग बरंच हलकं झालं. भाची म्हणते, तरी पार्किंगमध्ये दमायला होतं. हेही खरंच आहे. पण या मुद्द्यावर मामांच्या बाजूनं उभं राहणं भाग आहे: स्टिअरिंगचा दांडा कापून जोडणं हे घरच्या शिकाऊ कामात बसत नाही, आणि नवख्या गॅरेजवाल्याच्याही नाही.

दिव्यांच्या बाबतीत भाची जिंकली, तेही मामांना सुचलं नसतं अशा रीतीनं. रात्री हेडलाइट पिवळे, मलूल. मामा म्हणाले, बल्ब बदल. भाचीनं मल्टिमीटर आणला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, हेडलाइटच्या कनेक्टरवर ११.८. दोन व्होल्ट वाटेतच गायब. जुन्या जिप्सीत दिव्याचा सगळा करंट स्विचमधून जातो, आणि सत्तावीस वर्षांत त्या स्विचची टोकं जळलेली, वायर कडक झालेली. तंतूच्या बल्बाचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगानं पडतो; व्होल्टेज दहा टक्के घटलं की प्रकाश साधारण तीस टक्के घटतो. इथं पंधरा टक्के घट होती, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास उजेड आधीच गेलेला.

तिनं बॅटरीवरून जाड वायर घेतली, फ्यूज टाकला, दोन रिले बसवले. आता स्विच फक्त रिले चालवतो, दिव्याचा करंट थेट बॅटरीवरून येतो. इंजिन आणि बॉडीच्या अर्थिंगच्या पट्ट्या काढून तळ घासला, नव्या लावल्या. कनेक्टरवर १३.४ व्होल्ट आले. बल्ब तेच, कायद्यात बसणारे ६०/५५ वॉटचे. समोरच्या भिंतीवर उजेड पडला तसे मामा उठून भिंतीपाशी गेले आणि त्या उजेडाच्या कडेवर बोट फिरवत राहिले. "एवढ्याशा पैशांत?" काही शे रुपयांचं सामान होतं.

एलईडी बल्ब का नको, हे मामांनी सांगायच्या आधी तिनंच सांगितलं. हेडलाइटचा आरसा हा तंतूच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. त्यात एलईडी घातला की उजेड विखुरतो. आपल्याला वाटतं लख्ख दिसतंय, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. छतावरच्या पट्टीवर वहीत काट मारली गेली.

वहीतल्या उरलेल्या यादीला कायद्यानं कात्री लावली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील आणि कंपनीचा मूळ तपशील यात तफावत येईल असा बदल मालकानं करायचा नाही. केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात सुधारणा झाली आणि परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. लोखंडी बंपर आणि बुल बार यांवर कारवाई करा असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना डिसेंबर २०१७मध्येच कळवलं होतं. टक्कर झाली तर असा बंपर धक्का शोषत नाही, सरळ चॅसीत पाठवतो, आणि समोर चालणारा माणूस असेल तर त्याचा जीव घेतो. मिलिटरी हिरव्या रंगाचं भाचीला फार वाईट वाटलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ म्हणतो की तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. शिवाय मूळ रंग सोडून दुसरा कुठलाही द्यायचा तरी आरसीवर नोंद हवी. गाडी मूळची पांढरी होती. पांढरीच राहिली.

"मग अपग्रेड उरलं काय?" तिनं विचारलं, जरा रागानंच.

"दिसत नाही ते," मामा म्हणाले.

मामांचं हे उत्तर अपुरं आहे, आणि भाचीनं ते तिथंच मान्य केलं नाही हे बरं झालं. पुढच्या सीट तिनं नव्या फोमच्या आणि उंच हेडरेस्टच्या बसवून घेतल्या. दाराच्या आत आवाज अडवणाऱ्या शीट चिकटवल्या, टपाखाली उष्णता अडवणारा थर घातला, मोबाइल चार्जिंगची जागा केली. पाट्यांच्या मधल्या कोरड्या पट्ट्या उघडून, घासून, ग्रीस लावून परत बांधल्या; बुश आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर नवे घातले. जिप्सी उडते, पाठ मोडते, अशी सगळ्यांची तक्रार असते. त्यातली निम्मी तक्रार गंजून एकमेकांना चिकटलेल्या पाट्यांची असते. गाडी आता खड्ड्यात आदळत नाही, डुलते. हे अपग्रेड आहे, आणि ते रोज जाणवतं.

पैशांचा हिशेब सांगायचा तर लाखाची मर्यादा ओलांडली गेली. तिनं धरलेला नव्हता असा खर्च कागदपत्रांचा होता. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी तपासणी होऊन नूतनीकरण. हलक्या मोटारीची त्यासाठीची फी एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ऑगस्ट २०२५पासून १०,००० झाली. आधीच्या मालकानं २०२३चं नूतनीकरण केलंच नव्हतं, त्याचा उशिराचा आकार वेगळा. त्यावर पर्यावरण कर, मालकी बदल, विमा, पीयूसी, आणि एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना सक्तीची झालेली नवी सुरक्षा नंबरप्लेट. मामांनी सुरुवातीलाच म्हटलं होतं की आरसीची मुदत बघ. मुदत संपलेली गाडी स्वस्त का मिळते, ते यावरून कळतं.

धुराच्या बाबतीत दोघांनी एकमेकांशी प्रामाणिक राहायचं ठरवलं. नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आधी सक्तीचे झाले ते १९९५मध्ये, चार महानगरांत. चिपळूणच्या या गाडीला तो नाही. पीयूसीत ती तिच्या काळाच्या मर्यादेत पास होते, पण आजच्या गाडीइतकी स्वच्छ ती कधीच होणार नाही. भाची कॉलेजला बसनं आणि दुचाकीनंच जाते. जिप्सी महिन्यातून मोजक्या वेळा बाहेर निघते, गडांच्या पायथ्यापर्यंत आणि गावाला. आहे ती वस्तू भंगारात न घालता टिकवणं चांगलंच. ती रोज शहरात फिरवणं मात्र चांगलं नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला पटू शकतात.

पासिंगच्या दिवशी निरीक्षकानं चॅसी नंबर पाहिला, दिवे पाहिले, गाडी चालवून ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. मामा कुंपणाबाहेर उभे होते, त्यांनी फक्त मान हलवली.

शेवटचा वाद मागच्या बाकांचा. जिप्सीच्या मागच्या बाजूला दोन बाक समोरासमोर, आडवे, आणि त्यांना सीटबेल्ट नाहीत. आरसीवर ती आसनं मोजलेली आहेत, म्हणून ती उचकटून टाकायची नाहीत असं मामा म्हणाले. भाचीला दिवाळीत सगळ्या भाच्या-पुतण्यांना मागं बसवून न्यायचं होतं. लहानपणी तीही अशीच कुणाच्या तरी जिप्सीत बसली होती. मामांनी आवाज चढवला, तो एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही. सुरक्षेचे नवे नियम आले तेव्हा २०१९च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. आडव्या बसलेल्या माणसाला धक्क्याच्या वेळी पाठीचा आधार नसतो, तो कडेला फेकला जातो. ब्रेक कितीही चांगले केले तरी हे बदलत नाही.

भाचीनं ऐकलं. बाक दुमडून ठेवले आहेत, तिथं आता सामान आणि हत्यारांची पेटी असते, आणि पुढच्या दोन सीटना नवे तीन टोकांचे बेल्ट आहेत. ज्यांच्या दारात अशी जुनी जिप्सी, सुमो किंवा जीप उभी आहे त्यांनी गाडी जरूर पुन्हा धावती करावी, हातानं करावी. पण मागच्या आडव्या बाकांवर मुलांना बसवून घाटात जाऊ नये.